करदाता कोणास म्हणावे?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वाळूजच्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. कारखान्यांचे बोनस झालेले असतात. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर अशा गावांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून माणसे पिशव्या घेऊन बाहेर पडतात, नि किराणा दुकानापुढे अशी दाटी होते की शेटजींना मान वर करायला उसंत मिळत नाही. त्या दाटीत मीही असतो. घरून यादी मिळालेली असते: रवा, बेसन, साखर, तेलाचा डबा, उटणे, साबण. यादी वाचणारा मी, पिशवी धरणारा मी, पैसे मोजणारा मी. फराळ कसा झाला हे सांगण्याचा अधिकार मात्र माझा नाही. असो.

अलीकडे शेटजी यंत्रावरून छापील बिल देऊ लागले आहेत. त्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. एक सीजीएसटीची, दुसरी एसजीएसटीची. म्हणजे निम्मा कर दिल्लीचा, निम्मा मुंबईचा. या ओळी कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. त्या वाचायला मला ज्या प्रसंगाने लावले तो आधी सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेत पालकसभा होती. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस; तरी संस्थेने मला मराठीच्या तासांवर घेतले आहे, आणि दोन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम नेहमी माझ्याकडे येते. सभेत सहावीतल्या एका मुलीची आई उभी राहिली. नवरा ठेकेदाराकडे कामाला, ती स्वतः एका कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासते. ती म्हणाली, "सर, खिचडी थंडगार येती. डाळ तर दिसतच नाही. लेकरं तशीच टाकून देतेत." एवढेच तिचे म्हणणे.

तेव्हा मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. कारखान्यात कायम नोकरीवर असलेले, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात सभ्यता. ते म्हणाले, "ताई, फुकट मिळतंय ते गोड मानून घ्यावं. टॅक्स आम्ही भरतो, म्हणून तुमच्या पोरांना खिचडी मिळते. तुम्ही कुठं टॅक्स भरता?"

बाई खाली बसली. तिने पदर सारखा केला, आणि सभा संपेपर्यंत ती काही बोलली नाही. दुसरेही कोणी बोलले नाही. मीही नाही. कादंबरीत न्यायाअन्यायाची दहा-दहा पाने भरणारा मी, त्या दिवशीच्या इतिवृत्तात एवढेच लिहिले: "पोषण आहाराबाबत चर्चा झाली." ती वही अजून कपाटात आहे.

त्या गृहस्थांचे म्हणणे निखालस खोटे होते असे मात्र मी म्हणणार नाही. २००४ साली प्राप्तिकरावर दोन टक्के शिक्षण उपकर बसला. त्याचा पैसा प्राथमिक शिक्षणासाठी आणि मुलांच्या दुपारच्या जेवणासाठीच वेगळा काढलेला होता. त्यांच्या पगारपत्रकावर तो आकडा छापलेला येत असणार. खिचडीत आपलाही एक चमचा आहे असे त्यांना वाटले, तर ते वाटणे समजण्यासारखे आहे. चूक दुसऱ्या वाक्यात होती. "तुम्ही कुठं टॅक्स भरता?" या प्रश्नाचे उत्तर त्या बाईच्या पिशवीत होते, पण ते तिला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक आले. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, नोकरदाराला वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, प्राप्तिकर द्यावा लागणार नाही असे ठरले. त्या आठवड्यात तेच गृहस्थ मला बसथांब्यावर भेटले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "सुटलो, गुरुजी! एप्रिलपासून एक पैसा नाही." मी त्यांचे अभिनंदन केले. घरी येताना माझ्या मनात आले, की आता या गृहस्थांनी खिचडीविषयी बोलावे की न बोलावे? कालपर्यंत करदाते होते, आज बाईच्या बाकावर आले. माणूस तोच, नोकरी तीच, देशही तोच.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवसांत हाच विषय होता. गणिताच्या सरांचे मत स्पष्ट होते: "एवढी सूट दिली, आता उरलेला प्राप्तिकरही टाका काढून. माणसाने किती मिळवले हे सरकारने विचारूच नये. किती खर्च केले त्यावर घ्या काय घ्यायचे ते. दुकानात कर भरला की हिशेब मिटला. ना विवरणपत्र, ना वकील, ना छापा." ही कल्पना काही त्यांनी एकट्याने काढलेली नव्हे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९९९ पासून असे एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडले जाते. प्राप्तिकर रद्द करा आणि त्याच्या जागी साऱ्या देशाला एक विक्रीकर लावा, असे ते म्हणते. ते आजवर मंजूर झालेले नाही. त्यात दर तेवीस टक्के सांगतात. पण आमच्या सरांनीच खडू घेऊन दाखवले, की शंभरातले तेवीस म्हणजे सत्याहत्तरच्या मालावर तेवीस, म्हणजे दुकानी भाषेत तीस टक्के होतात. आपल्याच पक्षाचे बिंग आपणच फोडणारा असा प्रामाणिक माणूस वादात विरळाच.

आणि आम्हा संभाजीनगरकरांना हा वाद अमेरिकेतून आणायची गरज नाही. आमच्याच शहरातून अर्थक्रांती प्रतिष्ठानच्या अनिल बोकील यांनी वर्षानुवर्षे गावोगाव व्याख्याने देऊन एक प्रस्ताव मांडला आहे: आयात शुल्क सोडून बाकी सगळे कर रद्द करावेत, प्राप्तिकरही; आणि बँकेच्या खात्यात जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेतून दोन टक्क्यांच्या आसपास एकच कापणी करावी. सोबत मोठ्या नोटा बंद कराव्यात. बोकील यंत्रशास्त्राचे अभियंता, या औद्योगिक पट्ट्यात वावरलेले. यंत्रात अडलेला दाता काढून टाकावा तसे त्यांनी कराकडे पाहिले. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा त्यांचे नाव देशभर झाले. त्यांची कापणी म्हणजे नेमका विक्रीकर नव्हे. पण दोघांचा पिंड एक. माणसाला न विचारता, व्यवहार जिथे घडतो तिथेच वाटा काढून घ्यायचा. ब्राझीलने १९९७ ते २००७ अशी दहा वर्षे बँक व्यवहारांवर कर लावून पाहिला होता, मात्र तो बाकीच्या करांवर आणखी एक म्हणून. त्यांच्या जागी नव्हे.

या विचाराच्या बाजूने जे आहे ते मी हात राखून सांगणार नाही. इंग्लंडचा तत्त्वज्ञ हॉब्ज याने सतराव्या शतकातच विचारले होते, की जो खूप राबतो आणि थोडे खर्चतो त्याच्यावर बोजा जास्त का, आणि जो आळसात राहून मिळेल ते उडवतो त्याच्यावर कमी का? कमावणारा समाजाच्या रांजणात भर घालतो, खर्चणारा त्यातून काढून घेतो. तेव्हा काढणाऱ्याला विचारा, घालणाऱ्याला नको. हा युक्तिवाद एकदा डोक्यात शिरला की सहजी निघत नाही. केंब्रिजचे निकोलस कॅल्डॉर यांनी तोच धागा पुढे नेला, आणि भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५६ साली आपल्या करपद्धतीचा अहवाल दिला. १९५७ साली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्यातला खर्चावरचा कर खरोखरच लागू केला. तो दुकानात वसूल होणारा नव्हता. वर्षभर मोठा खर्च करणाऱ्या श्रीमंतांनी स्वतःचा हिशेब देऊन भरायचा होता. १९६२ साली तो गेला, १९६४ साली परत आला, १९६६ साली कायमचा गेला. लग्नात किती उडवले हे कोण खरे सांगणार?

प्राप्तिकराने तरी माणसे खरी राहिली काय? १९७३-७४ साली आपल्याकडे सगळ्यात वरच्या टप्प्यावरचा प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये मालकाकडे राहायचे. ज्या राज्यात कायदा इतके मागतो, तिथे खरे बोलणारा मूर्ख ठरतो. आणि ज्याचा पगार कागदावर असतो तोच तेवढा सापडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसे. आजही, गणिताचे सर म्हणाले त्याप्रमाणे, बंगला बांधून शेतीचे उत्पन्न दाखवणारा मोकळा राहतो, कारण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. पण तोच जेव्हा मोटार घ्यायला जातो तेव्हा कर चुकवता येत नाही. हे खरे आहे. मला त्याचे उत्तर तिथे देता आले नाही, आणि आजही पुरते देता येत नाही.

मग मी मुलांकडे गेलो. शिक्षकाला अडले की तो वर्गात जातो. दुसरी जागा त्याला माहीत नसते. २०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले. साबण, दंतमंजन, केसांचे तेल, बिस्किटे यांवरचा कर पाच टक्क्यांवर आला, आणि मुलांच्या आनंदाचे कारण म्हणजे वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा कर पार गेला. हे निमित्त धरून गणिताच्या सरांनी नि मी सातवीला एक उपक्रम दिला (ती मुलगी आता सातवीत होती): घरात येणारी बिले महिनाभर जपून ठेवा, आणि त्यांतला कर वेगळा काढा.

हे गणित उलटे असते, म्हणून मुले अडखळतात. छापील किमतीत कर मिसळलेला असतो. तो पाच टक्के असेल तर किमतीचा एकविसावा भाग. एकवीसशेच्या तेलाच्या डब्यात शंभर रुपये कर. अठरा टक्के असेल तर एकोणसाठातले नऊ भाग. दोनशे नव्व्याण्णवचे मोबाइलचे रिचार्ज मारले, तर त्यातले पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे सरकारचे. एका मुलाने विचारले, "सर, कंपनीच्या मालकानं हेच रिचार्ज मारलं तर?" मी म्हणालो, पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसेच. आणि ते मोबाइल कंपनीच्या कामाचे म्हणून घेतले असेल, तर मालकाला ती रक्कम आपल्या देण्यातून वजाही करता येते. वर्गात थोडा वेळ शांतता झाली.

जीएसटीची सगळी करामत या वजावटीत आहे. सूत गिरणीने कर भरायचा, तो कापड गिरणीने वजा करून घ्यायचा. तिने भरलेला सदरे शिवणाऱ्याने, त्याने भरलेला दुकानदाराने. करावर कर चढू नये म्हणून ही साखळी १ जुलै २०१७ पासून देशभर लावली, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती जुन्या विक्रीकरापेक्षा शहाणपणाची आहे. (दर जमा रकमेवर कापणी केली तर हीच साखळी तुटते, सुतापासून सदऱ्यापर्यंत दर पायरीला टक्का चढत जातो, अर्थक्रांतीच्या प्रस्तावात मला ही अडचण वाटते.) परंतु साखळी कुठेतरी संपते. ती संपते सदरा अंगात घालणाऱ्यापाशी. त्याला पुढे ढकलायला कोणी नसते.

मुलांच्या वह्यांतून जे दिसले ते असे. मोठे आकडे सांगत नाही, कारण पन्नास घरांची बिले म्हणजे काही शास्त्र नव्हे. सुटे धान्य, भाजी, दूध, मीठ यांवर कर नाही, खोलीच्या भाड्यावर नाही. तेवढा दिलासा गरिबाला आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. पण पंधरा हजार मिळवणाऱ्या घरात पंधराच्या पंधरा हजार त्याच महिन्यात संपतात. दुसरीकडे ज्या दोन-तीन घरांत पगार मोठा होता, तिथे कराची रक्कम मोठी होती, परंतु मिळकतीशी तुलना केली तर तिचा वाटा कमी भरत होता. कारण त्यांचा निम्मा पैसा खरेदीपर्यंत पोचतच नव्हता, तो बँकेत, प्लॉटमध्ये, म्युच्युअल फंडात जात होता. हॉब्जचे म्हणणे मला इथे पटेनासे झाले. रांजणातून काढून घेणारा, असे तो म्हणतो. पण आईबापांच्या औषधाला आणि तीन लेकरांच्या तेलसाबणाला जो खर्चतो, तो काय उधळतो? खर्च ही चैन असते हे ज्याच्याकडे शिल्लक राहते त्याला वाटते. शिल्लक टाकणे हा गुण खरा. पण तो गुण अंगी यायला आधी काही उरावे लागते.

आमच्या भागाला या प्रकारच्या कराची आठवण जुनी आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. नगरकडून आलेला माल गोदावरी उतरून कायगावला लागला, की परमुलखातून निजामी हद्दीत येई; आणि हद्दीवर मालावर जकात घेणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. करोडगिरीचे नाके कधीच गेले, शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला. नाक्यावर बैलगाडी थांबे तेव्हा गाडीवानाला निदान एवढे तरी कळे, की इथे आपल्याकडून काही घेतले. आज नाका साबणाच्या वेष्टनात आहे.

आणि मिठाचे तर काय सांगावे! इंग्रजांनी १८८८ साली मिठावरचा कर मणाला अडीच रुपये केला. धनी आणि गडी दोघे सारखेच मीठ खातात. किंबहुना उन्हात घाम गाळणारा थोडे जास्तच खातो. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलले. गोखले मूळचे शिक्षक, अंकगणिताचे पुस्तक लिहिलेले. आकड्यांना आकड्यांनी उत्तर देत त्यांनी मागणी केली, की मिठावरचा कर कमी करा, आणि प्राप्तिकराची पाचशे रुपयांची मर्यादा हजारावर न्या. पुढच्याच वर्षी मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार झाली. म्हणजे दोन्ही कर एकाच वेळी त्यांच्या तराजूत होते. मिठाचा कर खाली आणताना प्राप्तिकर नाहीसा करा असे ते म्हणाले नाहीत. ज्याला झेपत नाही त्याला सोडा, एवढेच म्हणाले. पुढे १९३० साली दांडी झाली, आपल्या कोकणात शिरोडा झाला. तो कर संपायला १९४७ साल उजाडावे लागले.

त्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे विचारले होते, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, मग त्यातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर एवढा खर्च का आणि रयतेच्या मुलांच्या शाळांवर इतका थोडा का? आमच्या पालकसभेतला प्रश्न तो हाच, फक्त उलट तोंडाने विचारलेला. ज्याने भरले त्याला "तू कुठे भरतोस" असे म्हणण्याची रीत जुनी आहे. आणि १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सारा आणि प्राप्तिकर शेजारी ठेवून दाखवले, की ज्याला वर्षात उत्पन्नच झाले नाही त्याला प्राप्तिकर सोडतो, पण सारा मात्र पीक आले न आले तरी लहानात लहान शेतकऱ्यालाही सोडत नाही. यंदा तुझे कसे गेले, हा प्रश्न एक कर विचारतो आणि दुसरा विचारत नाही. ज्यांनी १९५० साली आमच्या शहरात कॉलेज काढले, त्या माणसाचा हा मुद्दा मला सगळ्या वादाच्या मुळाशी दिसतो.

माझा स्वतःचाही एक अनुभव आहे, थोडा लाजिरवाणा. एका वर्षी दोन्ही कादंबऱ्यांचे मानधन प्रकाशकांकडून एकदम आले, बत्तीस हजार. नियमाप्रमाणे त्यातले दहा टक्के, बत्तीसशे, आधीच कापलेले. माझे एकंदर उत्पन्न करपात्र नव्हते. एका माजी विद्यार्थ्याने विवरणपत्र भरून दिले, आणि तीन महिन्यांनी बत्तीसशे रुपये वर थोडे व्याजासह माझ्या खात्यात जमा झाले. फोनवर संदेश आला, त्यात माझे नाव होते. केंद्र सरकारने मला नावाने ओळखले, जास्त घेतले होते ते परत केले! तो संदेश मी चार जणांना दाखवला. आता त्याच वर्षी तेलात, साबणात, रिचार्जात माझ्याकडून जे गेले, ते मला झेपणारे होते की नव्हते हे कोणी पाहिले? पाहणार तरी कसे? दुकानातला कर भरणाऱ्याला नाव नसते. ज्याला नाव नाही त्याला परत काय करणार? अमेरिकेतल्या त्या विधेयकाच्या कर्त्यांनाही हे उमगले असावे. म्हणून त्यांनी दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला काही रक्कम आगाऊ परत द्यायची अशी तरतूद त्यात ठेवली आहे. म्हणजे ज्या नोंदी, ज्या याद्या, जी चौकशी टाळण्यासाठी प्राप्तिकर काढायचा, तिच्यातली थोडी तरी मागच्या दाराने घरात आणायची.

मला आणखी एक कर फार जवळचा वाटतो, त्याचे कारण तो मी भरतो. व्यवसाय कर. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. लहान आहे, पण त्याची जन्मकथा मराठवाड्याने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने रस्त्यांवर खडी फोडली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टरने द्यायचे आणि खेड्यातल्या माणसाने त्यावर काम मागायचे. भरणाऱ्याला ठाऊक होते की हे कोणासाठी. घेणाऱ्याला ठाऊक होते की ही भीक नव्हे, कामाचा दाम आहे. माझी आई त्या खडीवर होती. आज माझ्या पगारपत्रकावर ते दोनशे दिसतात तेव्हा, हसू नका वाचकहो, छाती थोडी पुढे येते.

पण इथेच मला माझी खोड सापडली. हीच छाती त्या गृहस्थांचीही पुढे आली होती. कर नावाने भरला की माणसाला मान वाटतो. तो मान थोडा ताणला की शेजारणीचा अपमान होतो. प्राप्तिकर ठेवावा असे मी म्हणतो तेव्हा हा धोका माझ्या डोळ्यांपुढे आहे. तरी मी तो ठेवावा असेच म्हणतो. १८६० साली जेम्स विल्सनने तो इथे आणला तेव्हा बंडानंतरचा रिकामा खजिना भरायला आणला, काही धर्म म्हणून नव्हे; तरीही आज सगळ्यात धनवान माणसाला समोर बसवून, नावाने हाक मारून, "यंदा किती मिळाले आणि त्यातले किती देता येईल?" असे विचारणारा दुसरा कर आपल्याजवळ उरलेला नाही. संपत्ती कर २०१५ साली गेला. हाही गेला, तर त्या माणसाची आणि सरकारची गाठ फक्त दुकानाच्या गल्ल्यावर पडेल, जिथे तो आणि भांडी घासणारी बाई एकाच रांगेत उभे असतात, एकच दर देतात. गणिताच्या सरांना यात समता दिसते. मला दिसत नाही. मात्र त्यांच्या बंगलेवाल्याला कसे धरायचे, हे ते मला अजून विचारतात, आणि मी विषय बदलतो.

उपक्रमाच्या वह्या दिवाळीच्या सुटीआधी जमा झाल्या. त्या मुलीच्या वहीत शेवटच्या पानावर बेरीज होती: महिन्याचा कर तीनशे बारा रुपये. आकडे तिचे होते. पण खाली दुसऱ्या, मोठ्या आणि न वळलेल्या अक्षरात एक ओळ होती. आईने लिहिलेली. "सर, कंपनीत जायच्या रिक्षात पेट्रोल अस्तं त्याचा टॅक्स धरायचा का?"

पेट्रोल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे, राज्याचा कर वेगळा, आणि रिक्षात बसणाऱ्या सहा जणींत तो वाटायचा कसा हे एक निराळेच गणित आहे. मी गणिताच्या सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि खिशातून पेन काढून मागितले, "एक कोरा कागद द्या हो."

इतिवृत्ताची वही त्याच कपाटात होती. मी तिच्यातलाच एक कागद फाडून दिला.